चालवून जगवलेली गाडी

चमन मिस्त्री बहिरे आहेत, असा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत नव्याने राहायला आलेल्या माणसांचा समज व्हायचा. इंजिन चालू असताना हाक मारली तर ते ओ देत नसत. एका लाकडी दांडक्याचं एक टोक इंजिनाला टेकवलेलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले. मी सारं आयुष्य रंगभूमीवर काढलं, पण असा श्रोता मला एकाही प्रयोगाला लाभला नाही.

आमच्या नाटक कंपनीचा सामानाचा ट्रक दुरुस्तीला त्यांच्याकडे असायचा. पुढे कंपनी बंद पडली, ट्रक विकला गेला, पण माझी त्यांच्या गॅरेजातली संध्याकाळची बैठक काही सुटली नाही. फुटक्या सीटवर बसायचं, कटिंग चहा प्यायचा आणि चमनभाईंचं तत्त्वज्ञान ऐकायचं. दारात त्यांची स्वतःची लष्करी लिलावातली जीप उभी असे. तिला रंग म्हणून उरला नव्हता. पण भर पावसाळ्यात चंदगडच्या चिखलातून ती जाऊन यायची आणि वाटेत एकदाही खोकायची नाही.

"तात्या, ही बिघडत न्हाय कारण हिला बिघडायला येळच न्हाय," ते म्हणायचे.

आता दुसरी गाडी. शाहूपुरीत गणपतराव म्हणून गुळाचे मोठे व्यापारी होते. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून त्यांनी बारा वर्षांपूर्वी एक लाल मोटार घेतली होती. दोनच माणसांची, उघड्या टपाची, शर्यतीत पळवायची. पण ती पळायची कुठे? शेडमध्ये, मांजरपाटाच्या खोळीखाली! पाहुणा आला की खोळ उचलायची आणि मीटर दाखवायचं. "चार हजार एकशे बारा मैल. बारा वर्षांत! हाय का कुणाची अशी कोरी गाडी?" पोराचे मार्क सांगणाऱ्या बापासारखी त्यांची छाती फुगायची.

वर्षातून एकदाच ती जागी व्हायची. खंडेनवमीला बादल्याच्या बादल्या पाणी ओतून धुवायची, हळदकुंकू, झेंडूचे हार, चाकापाशी नारळ. दुसऱ्या दिवशी सोनं लुटायला दसरा चौकापर्यंत जायचं, परत यायचं, की ओली-निथळती गाडी पुन्हा खोळीत, पुढच्या खंडेनवमीपर्यंत.

सदुसष्टच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती चालू होईना म्हणून चमनभाईंना बोलावणं गेलं. त्यांनी नवी बॅटरी बसवली, टाकीत ताजं पेट्रोल ओतलं. गाडी सुरू झाली. मग त्यांनी खाली वाकून हात फिरवला आणि म्हणाले, "मालक, उद्या न्हेऊ नका. रबरी पायपा वाळल्या शेंगंगत झाल्यात. बिरेक बी चिकटाय लागलाय."

"अरं, चार हजार मैल झालेली गाडी हाय ही! तुझ्या त्या भंगार जीपगत न्हवं!" गणपतराव हसले.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत, दसरा चौकाच्या तोंडाशी, लाल गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. ढकलायला गेले तर चाकं हलेनात. नळी फुटून वाफेचा फवारा उडाला. शेवटी तालमीतल्या चार पैलवानांनी ती अल्लद उचलून कडेला ठेवली. गर्दीतून कोणी ओरडलं, "सोनं ऱ्हाऊ द्या, पावणं, आधी गाडी लुटा!" हशा असा पिकला की तसा माझ्या कुठल्याच विनोदी भूमिकेला पिकला नव्हता.

गणपतराव लालबुंद. सगळ्यांदेखत गरजले, "काल चमननं हात लावला, आन् आज मोडली!"

झालं. कोल्हापुरात बातमीला पेट्रोल लागत नाही. कोरी करकरीत गाडी चमननं घालवली, हे आठ दिवसांत सगळ्यांच्या तोंडी झालं. टॅक्सीवाले दुसरीकडे गेले. हुपरीच्या एका चांदीवाल्याने तर अर्धी खोललेली गाडी दोरीने ओढून नेली. रिकाम्या गॅरेजात चमनभाई दांडकं हातात घेऊन बसलेले, आणि त्यांची बायको सलमा दारातून म्हणाली, "वीस वर्सं लागली नाव कमवायला. बसून परत येणार हाय का ते?"

ते उठले. मला म्हणाले, "तात्या, चला."

गणपतरावांच्या ओसरीवर त्यांची थोरली बहीण आक्का सुपारी कातरत बसली होती. त्या घरात शेवटचा शब्द तिचा. चमनभाई उभ्याउभ्याच बोलले.

"मालक, एक चूक माझी हाय, ती कबूल. जुन्या पेट्रोलचा टाकीत डिंक झालता. मी तो न काढता वर ताजं ओतलं. डिंक सुटला आन् कार्बोरेटरात जाऊन बसला. टाकी आधी उतरवाय पायजे हुती. पर पायपा, बिरेक, ही चूक तुमची. दर साली धुवून ओली ठिवली, आन् उभी ठिवली. उभी ऱ्हायली की गाडी मरती."

"म्हंजे न वापरून बिघडली? काय नाटक लावलंय?"

"नाटकाचंच इचारा. तात्या हितं हाईत. तात्या, वरीसभर गळा बंद ठिवला आन् एकदम नांदी म्हटली तर?"

"पहिल्याच तानेला फाटेल," मी म्हणालो. "आणि लोक म्हणतील, तंबोरेवाल्याची चूक!"

आक्का फसकन हसली. चमनभाईंनी संधी साधली. "मला दीड महिना द्या. गाडी नीट करतो आन् रोज चालवतो. डिसेंबरात पन्हाळ्याला हौशी मोटारवाल्यांची परीक्षा हाय, तिथं उतरवा. न्हाय टिकली, तर गॅरेजला कुलूप घालून चंदगडला सासऱ्याकडं काजू सोलत बसीन."

"रोज चालवणार? आन् माझं मीटर?" गणपतरावांचा आवाज अगदी रडवेला झाला.

अडकित्ता खाली ठेवून आक्का म्हणाली, "गणपा, अंबाबाईला बी रोज पहाटं उठवत्यात. तुझी ही कोण लागून गेली, वर्सातनं एकदा उठायला? दे किल्ली."

चमनभाईंनी गाडी सुटी सुटी केली. टाकी उतरवून धुतली, सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, ब्रेकचा गंज घासून काढला. सायलेन्सरमधून उंदराचं घरटं निघालं. मग सुरू झाला रियाज. पहाटे रंकाळ्याला एक फेरी. आठवड्याने हुपरी. मग गगनबावड्याचा रस्ता. काही नवीन कुरकुरलं की दांडकं कानाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर. वाटेत दूधवाली बाळाबाई मांडीवर कॅन घेऊन शेजारी बसायची आणि विचारायची, "मिस्त्री, हिला छप्पर कवा घालणार? माझ्या दुधात धुरळा जातुया की!"

पहिले काही दिवस गणपतराव फाटकात उभे राहून मीटरकडे नुसते बघायचे. एके दिवशी चमनभाईंनी दार उघडून धरलं. "मालक, तुमची गाडी हाय. तुम्हीच चालवा." त्या दिवसापासून पहाटे पाचला स्टिअरिंगवर बसून फाटकात हॉर्न वाजवणारे गणपतराव होते.

पन्हाळ्याच्या परीक्षेची अट साधी पण कठीण होती. बॉनेटला लाखेचं सील लावायचं. पायथ्याच्या वाघबिळापासून वरच्या नाक्यापर्यंत चढायचं, उतरायचं, असं तीन वेळा. वाटेत दुरुस्तीला बॉनेट उघडून सील तुटलं की बाद; टिकलेल्यांत जो आधी पोहोचेल तो पहिला. आवाज चांगला म्हणून कर्णा माझ्या हाती दिला होता. नऊ गाड्या उतरल्या. सगळ्यांच्या नजरा सांगलीकडच्या एका पांढऱ्या गाडीवर. तिचं मीटर तीन हजारही नव्हतं, आणि मालक तिला काचेच्या खोलीत ठेवत असे. लाल गाडीवर मात्र चिखलाचे शिंतोडे होते. गणपतरावांना कोणी टोमणा मारला, "धुवायला पाणी न्हवतं काय, शेठ?" गणपतराव म्हणाले, "चालवण्यापुढं येळ मिळंना!"

लाल गाडी गणपतराव चालवत होते, शेजारी चमनभाई. पहिल्या फेरीत ती पाचवी. मी कर्ण्यातून ते सांगितलं आणि माझाच आवाज पडला. गर्दीत सलमा पदराचं टोक दातात धरून उभी होती. दुसऱ्या चढणीला पांढऱ्या गाडीतून वाफ निघाली, अगदी दसऱ्यासारखी. मालक बॉनेटपाशी धावला, सील फोडलं, बाद. दोन गाड्या पेट्रोल अडून गुदमरल्या, एकीचा ब्रेक चिकटला, दोन नुसत्याच रुसल्या. तिसऱ्या फेरीला वळणावर कोणीच दिसेना. सगळा नाका कठड्यावर ओणवला. मग खालून एक आवाज आला, एकसारखा, भरलेला, कुठेही न फाटणारा. मी डोळे मिटले. चमनभाई दांडकं लावून काय ऐकत असतील ते मला त्या क्षणी कळलं.

"लाल गाडी!" मी ओरडलो. कर्णा खाली होता, तरी वाघबिळापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. तिच्या मागून दोनच गाड्या पोहोचल्या.

पंचांनी वाकून लाख तपासली. शाबूत. बक्षिसाचा हार गणपतरावांच्या गळ्यात पडला, तसा त्यांनी तो काढला, शेजारच्या सीटवर अंग चोरून बसलेल्या चमनभाईंच्या गळ्यात घातला आणि माझ्या हातातून कर्णा ओढून घेतला. "ऐका रं! दसऱ्याला मी सगळ्यांदेखत खोटं बोललो. गाडी मी मारली हुती. ह्या माणसानं जगवली!" टाळ्या अशा पडल्या की गडावरचे कावळे उडाले. सलमा हसत होती आणि डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंगळवार पेठेत गेलो तर गल्ली अडलेली. मोटारींची रांगच रांग. सगळ्या देखण्या, कोऱ्या, कोळिष्टकं चढलेल्या, दोरीने ओढून आणलेल्या. सर्वांत पुढे सांगलीची पांढरी. हुपरीचा चांदीवालाही खाली मान घालून उभा. चमनभाई बाही सारून एकेक बॉनेट उघडत होते आणि मालकांना दरडावत होते.

"गाडी ठिवून इसरून जायचं न्हाय, पावणं. मी फकस्त खोलून नीट करणार. रोज सकाळी सहाला यायचं आन् सोता चालवायची. नीट झाली की दुसऱ्याच दिवसापासनं. झोप येती? मग गाडी इका, आन् पलंग घ्या!"