करिष्माची घरातली सायकल

आमच्या करिष्माच्या नावानं सोसायटीनं नोटीस लावली. कशाची? घरात पिठाची गिरणी चालवते म्हणून! मी तुळशी, तिची आई. हसू की रडू, मला कळेना. वर तिसऱ्या मजल्यावरची एक बाई गव्हाचा डबा घेऊन दारात हजर! "किलोला काय घेता?" म्हणे.

तिला हाताला धरून आत नेलं नि दाखवलं. सायकलचं मागचं चाक लोखंडी ट्रेनरच्या रोलरवर टेकवलेलं, सायकल जागच्या जागी आणि वर माझी पोर घामाघूम. चाक फिरलं की घरघर होते, नाही म्हणत नाही मी. पण हौस आलीय का तिला? गेल्या वर्षी खरवईच्या रस्त्यावर डंपरनं तिला उडवलं, खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मीच तिला सायकल घेऊन बाहेर सोडत नाही. त्यात राज्याच्या टीमची निवड रविवारवर आलेली. सराव तुटला की संपलं सगळं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये गिरणीचा घोळ मिटला, तरी चेअरमन श्यामकांत साहेब हटेनात. ते राहतात बरोबर आमच्या खाली.

"सायकल रस्त्यावर चालवायची असते. घरात कसले धंदे हे?"

"तुमची मुलगी सोडाल का त्या डंपरपुढे?" मी विचारलं.

मग म्हणतात, "तुम्हा गाववाल्यांना फ्लॅटमध्ये राहायची सवयच नाही."

असं डोकं सणकलं माझं! अरे, तुमची बिल्डिंग उभी कशावर आहे? आमच्या शेतावर! तिथं मी चिखलात वाकून भात लावलाय. बिल्डरला जमीन दिली, तिच्या बदल्यात हा फ्लॅट मिळाला. आणि सवय आम्हाला नाही?

करिष्मा माझा हात ओढत होती. "आई, चल ना. नाही जात मी रविवारी. सोडते सायकल."

ते ऐकून मात्र मी ठरवलं, हिची सायकल सुटू द्यायची नाही.

सकाळी उठून आम्ही मायलेकींनी ट्रेनर आणि सायकल खाली उतरवली, पार्किंगमध्ये आमच्या वाटणीच्या जागेत मांडली. घरघर सुरू झाली तसे साहेब बनियनवरच धावत आले. "आता इथं? इथं कुणी परवानगी दिली?"

"साहेब, वर होतो तेव्हा खाली तुम्ही होता," मी म्हटलं. "इथं खाली फक्त आमची जमीन आहे. तिची काही तक्रार असेल तर मला सांगा."

साहेब पायाखालच्या फरशीकडे बघायला लागले. करिष्मानं गिअर वाढवला.