काचेच्या पेटीतलं फाटकं पॅराशूट

आमच्या शेजारच्या माणसाला सगळी इमारत छत्रीमास्तर म्हणते. हे नाव मीच ठेवलं, हे मी कबूल करतो, आणि त्याबद्दल मला लाज वगैरे काही वाटत नाही. मास्तरांना मात्र ते ऐकलं की मिरची झोंबते. "छत्री पावसात धरतात," ते म्हणतात, "पॅराशूट माणसाला धरतं. फरक कळत नसेल तर गच्चीवरून उडी मारा, म्हणजे कळेल!"

मास्तर आयुष्यभर शिवणयंत्रं दुरुस्त करत होते. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात, यांनी जुनी पॅराशूटं सांभाळायला घेतली. भंगारवाल्याकडून, रोपवाटिकेत सावलीला बांधलेलं सोडवून, कुणाच्या गाडीवरचं आच्छादन ओढून, कुठून कुठून ती आणायची, आणि मग आमच्या जिन्याच्या पोकळीत चौथ्या मजल्यावरून खाली सोडायची. का, तर पूर्ण उलगडल्याशिवाय कळत नाही म्हणे. एकदा चौथ्या मजल्यावरच्या काकू त्या कापडात अशा गुरफटल्या की बाहेर आल्या त्या थेट माझ्या बायकोच्या गळ्यात. मास्तरांना काकूंची काळजी नव्हती. ते ओरडत होते, "दोऱ्या सोडा! दोऱ्या तुटतील!"

पण माणूस पक्का. भिंग लावून शिवणीचा टाका बघणार, कापड नाकाला लावणार, बकल उघडून मिटून त्याचा आवाज ऐकणार आणि सांगणार, हे अमुक दशकातलं, याच्या दोऱ्या नंतर बदलल्यात, ही पिशवी दुसऱ्याच पॅराशूटची आहे. तीन वेळा मी त्यांना फसवायला गेलो, तिन्ही वेळा तोंडावर आपटलो.

मास्तरांबरोबर त्यांची मोठी बहीण राहते. वय एकाहत्तर, ताठ कणा, आणि जीभ त्याहून ताठ. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्का तरुणपणी उड्यांच्या क्लबात पॅराशूटची घडी घालायचं काम करायची. अकरा वर्षं केलं. त्या क्लबात हे काम करणारी बाई तेवढी एकच, आधीही कुणी नव्हती, नंतरही नाही. एके दिवशी एका दातांच्या डॉक्टरचं पॅराशूट हवेत फाटलं. राखीव पॅराशूट उघडलं म्हणून डॉक्टर वाचला, पण पाय मोडला. क्लबाने चौकशी केली म्हणतात. म्हणतात असं मी म्हणतो, कारण आक्काला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. "घडी चुकली" एवढंच सांगून दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं.

लोक अशा वेळी म्हणतात, जाऊ दे. आक्काला एकदा मीही म्हणालो होतो. ती म्हणाली, "का जाऊ देऊ? माझं आहे ते." त्यानंतर मी पुन्हा म्हणालो नाही. तिने एक शपथ मात्र घालून ठेवली होती, की त्या क्लबाच्या दारात आपल्या घरचं कुणी पाऊल टाकायचं नाही.

आणि मास्तरांनी टाकलं.

झालं असं, की क्लबाचा सुवर्णमहोत्सव आला. अडगळीत पाच जुन्या पिशव्या सापडल्या. कशातलं काही कुणाला कळेना, आणि प्रदर्शनात पाट्या तर लावायच्या होत्या. नव्या सेक्रेटरीने कुठूनतरी मास्तरांचं नाव ऐकलं आणि फोन केला. मास्तर आक्काचे भाऊ आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. एका बाजूला बहिणीची शपथ, दुसऱ्या बाजूला पाच न उघडलेल्या जुन्या पिशव्या! मास्तरांनी दोन दिवस तोंड पाडून काढले आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चला, सामान उचलायला कुणीतरी हवं. आणि आक्काला बोलू नका."

मी हमाल म्हणून गेलो.

पाचही पिशव्या मास्तरांनी तासाभरात ओळखल्या. सेक्रेटरी टिपणं काढून दमला. मग खूश होऊन म्हणाला, "काका, आता एवढं एक बघता का? आमचं खास आहे. सत्तावीस वर्षं झाली, नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच दाखवतात."

वर्गाच्या भिंतीला काचेची पेटी. आत पांढरं गोल पॅराशूट टांगलेलं, मधोमध हातभर फाटलेलं. खाली पाटी होती. ती मी पाठ करून आलोय: "घडी घालणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणामुळे फाटलेले पॅराशूट. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे."

घडी घालणाऱ्या बाईच्या! नाव लिहायची हिंमत नाही, पण बाई एकच होती हे सगळ्यांना माहीत. सत्तावीस वर्षं, दर तुकडीला, पहिल्याच दिवशी! माझ्यासारख्या टवाळ माणसाच्याही कानशिलं तापली. मास्तर मात्र सरळ पेटीपाशी गेले. म्हणाले, "पेटी उघडा."

त्यांनी फाटलेली कड बोटांमध्ये धरली. भिंग लावलं. मग खालची मुडप उलटून पाहू लागले. एक पाकळी, म्हणजे दोन शिवणींमधला कापडाचा पट्टा, आतल्या बाजूला दुमडून टाचणीने टोचून ठेवलेली होती. टाचणी काढली तर त्या पाकळीवर कारखान्याचा शिक्का, वर्षासकट.

"डॉक्टरचा अपघात कोणत्या वर्षी झाला?" मास्तरांनी विचारलं. सेक्रेटरीने वर्ष सांगितलं.

"हे पॅराशूट त्यानंतर दोन वर्षांनी बनलंय."

सेक्रेटरी हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. मास्तरांनी त्याच्या हातात भिंग दिलं. "वाचा. आणि ही चीर बघा. हवेत कापड फाटलं तर ते शिवणीशी जाऊन थांबतं, नाहीतर वाकडं जातं. कड विसकटते, दोरी घासली असेल तर वितळून कडक होते. ही चीर तीन शिवणी ओलांडून सरळ गेलीय. ही कात्री आहे."

"अहो काका, जुन्या मंडळींनी केलं असेल. प्रतीकात्मक असेल."

"चूक प्रतीकात्मक," मास्तर म्हणाले, "आणि घरी बसवली ती माझी बहीण खरी?"

सेक्रेटरीचा चेहरा असा उतरला की मला एरवी मजा वाटली असती. त्याने लगेच माफी मागितली, पाणी आणलं, आणि पेटीच काढून टाकतो म्हणाला, आजच्या आज. मास्तरांना ते पटलं. अपमान भिंतीवरून उतरला, संपलं! परत येताना ते शीळ घालत होते.

आता माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मास्तरांना नाही माहीत, त्याला मी काय करू? संध्याकाळी आक्का जिन्यात भेटली आणि मी घडाघडा सगळं सांगून मोकळा झालो. वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. आक्काने भावाच्या नावाने अशी हाक मारली की चौथ्या मजल्यावरच्या काकू पुन्हा जिन्यात आल्या.

"तू गेलास ते गेलास. पेटी काढू दिलीस?"

"अगं आक्का, ती पाटी..."

"पाटी खोटी होती म्हणून तर पेटी हवी, मूर्खा! सत्तावीस वर्षं ज्यांनी ती वाचली, ते सगळे काय समजून घरी गेले? आता म्हणे पेटीच नाही. म्हणजे यांचं खोटं झाकलं, आणि माझं नाव तसंच राहिलं!"

मास्तर एवढेसे झाले. तिने तिथल्या तिथे त्यांच्याकडून फोन करवला आणि स्वतः कानाला लावला. "पेटीला हात लावायचा नाही. रविवारी वर्ग किती वाजता असतो?"

रविवारी आम्ही तिघं गेलो. वर्गात नवी अठरा मुलंमुली. आक्का कुणाची ओळख करून द्यायची वाट बघत थांबली नाही. पेटीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मी ती घडी घालणारी बाई. एकेकाने या, हा शिक्का मोठ्याने वाचा."

अठरा जणांनी अठरा वेळा तेच वर्ष वाचलं. मग मास्तरांनी चीर दाखवली. सेक्रेटरी कोपऱ्यातून म्हणाला, "आक्का, मुद्दा कळला आम्हाला."

"तुम्ही वाचलंत?"

"मी त्या दिवशी..."

"या. वाचा."

त्याने वाचलं. नवी पाटीही तिने त्याच्याच हाताने लिहून घेतली, पेटीवरच कागद ठेवून. "हे पॅराशूट अपघातानंतर दोन वर्षांनी बनलेले असून ते कात्रीने कापलेले आहे." सेक्रेटरीने पेन थांबवलं. "नुसतं कापलेलं पुरे नाही का? सोहळ्याला पाहुणे येणार आहेत."

"कात्रीने. पाहुण्यांनाही वाचता येतं."

त्याने लिहिलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मग डॉक्टरचं खरं पॅराशूट कुठंय?"

सेक्रेटरीने कपाटाकडे पाहिलं, मग दाराकडे. "शोधावं लागेल," तो म्हणाला.

"शोधा," आक्का म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.