बोंबलांच्या जागी मोजे

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितोय.

मी आणि माझा मित्र नीलेश, आम्ही बोईसरच्या एका खोलीत बसून मोबाइल गेम केलाय. किनाऱ्यावर दोरीवर बोंबील वाळत घातलेत, एक बाई ते कावळ्यांपासून राखतेय. एवढाच खेळ. जगभरचे गेम विकणाऱ्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानाकडे तो पाठवला होता.

सकाळी त्यांचं उत्तर आलं. मेलेले प्राणी टांगलेले दाखवणं हिंसक आहे, दुसरी वस्तू वापरा.

वा रे शहाणे! ह्यांच्या पहिल्याच पानावर माणसांची मुंडकी उडवणारे गेम, आणि हिंसक कोण? तर आमचे बोंबील!

नीलेशने घाईघाईत बोंबील काढून मोजे टांगले. दुपारी गेम मंजूर. तो नाचायलाच लागला.

संध्याकाळी पालघरजवळ आमच्या गावी गेलो आणि आईला गेम दाखवला. बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगण्यात तिचा जन्म गेलाय. दोरीवरचे मोजे बघून ती म्हणाली,

"कावळा मोजं कशाला नेल रं? त्याला येवढी अक्कल हाय, तुमाला नाय?"

मी तिथेच गेम मागे घेतला. नीलेश फोनवर ओरडतोय, मोठ्या दुकानाशिवाय गिऱ्हाईक मिळत नाही म्हणे. नसेल मिळत. पण ज्याला बोंबलाचा वासच सोसत नाही, त्याच्या दारात आपण टोपली घेऊन का उभं राहायचं?