खाकरून काढलेला फोटो

फोटो काढणारी माणसं जगात रग्गड आहेत. पण ज्याचा फोटो काढायला बोलावलं त्याला सोडून बाकी समस्त सृष्टीचा फोटो काढून आणणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला जेठ म्हणून आला. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. सगळं प्रकाशा गाव त्यांना आबा म्हणतं. मी मात्र त्यांना काहीच म्हणत नव्हते, कारण आमच्याकडे भावजयीने जेठाशी बोलायचं नसतं, आणि त्याच्यापुढे उघड्या तोंडाने वावरायचं तर नसतंच. हल्लीच्या सुना हे ऐकून हसतात. हसू देत. पदराआड काय काय करता येतं हे त्यांना कुठे ठाऊक? मी सासऱ्यांना वाकून नमस्कार करताना पदराआड जीभ काढलेली आहे.

तर आबा. माझ्या नणंदेच्या लग्नात फोटो काढायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. पाटबंधारे खात्यात होते, नदीची पातळी मोजत सायकलवर हिंडायचे आणि गळ्यात कायम तो कॅमेरा. घरचाच फोटोग्राफर म्हणून सगळे निर्धास्त होते. फोटो धुऊन आले. एकात मांडवाच्या दारातला चपलांचा ढीग. एकात आचारी डोळे मिटून वरणाची चव घेतोय, जणू समाधी लागली आहे. एकात बँडवाला पिपाणीतली थुंकी झटकतोय. एकात नवरीचा मामा मांडवाच्या खांबाला टेकून तोंड उघडं टाकून झोपलाय आणि त्याच्या मांडीवरच्या अक्षता एक कोंबडी टिपतेय. सासऱ्यांनी सगळे फोटो दोनदा चाळले आणि विचारलं, "नवरदेव कोठे शे?" आबांनी मोठ्या उत्साहाने मामाच्या डोक्यामागे बोट ठेवलं. "हाऊ काय! त्याना फेटाना तुरा दिसस ना!" सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. पुढच्या लग्नाला नंदुरबारहून रीतसर फोटोवाला आणला. त्याच्या फोटोंत झाडून सगळे पाहुणे आहेत आणि एकही जण स्वतःसारखा दिसत नाही. सगळे आपापल्या मेणाच्या पुतळ्यासारखे उभे. नणंदेचा तो मामा आता नाही. पण त्याचं नाव निघालं की आजही घरात तोच कोंबडीवाला फोटो निघतो आणि मामी डोळे पुसता पुसता हसते.

"हसा" हा शब्द आबांनी कॅमेऱ्यामागून जन्मात उच्चारला नाही. कोणी त्यांना पाहून सावरून बसलं, केसांवरून हात फिरवला, की कॅमेरा खाली. "तुम्हनं चालू द्या," म्हणायचे, "मी आठे नहीच असं समजा." आणि खरोखरच नसल्यासारखे उभे राहायचे. मांजर परवडलं, त्याची निदान शेपटी हलते. घाटावर एकदा ओलं लुगडं पिळणाऱ्या दोघी बायका त्यांना हव्या होत्या. दोघी दोन टोकांना, लुगड्याचा पीळ मधोमध, आणि त्यातून पाण्याची धार नेमकी सुटतेय, असा क्षण. त्यासाठी ते किती तरी सकाळी नदीवर जाऊन बसले. शेवटी कोणी तरी जेठाणीच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, कानावर घातलं की आबा रोज घाटावर बायका बघत बसतात. ती लाटणं घेऊन तिथे पोचली. आबांनी लाटणं उगारलेल्या जेठाणीचा फोटो काढला. तो त्यांच्या उत्तम फोटोंपैकी एक आहे, आणि ती तो प्रत्येक पाहुण्याला दाखवते. विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकच्या आरशात बघून दाढी करणारा ड्रायव्हर आहे. त्याच्या अर्ध्या गालाला फेस आणि मागून येणारी एसटी त्या आरशात मावलेली. त्या फोटोपायी ते स्वतः ज्या एसटीने घरी येणार होते ती चुकली. त्याचं दुःख त्यांना नव्हतं. "फोटूमा उनी ना ती," म्हणाले.

मिरचीची गोष्ट सांगितल्याशिवाय आबा पुरे होत नाहीत. नंदुरबारला मिरच्यांच्या पथाऱ्या असतात. थंडीत मोकळ्या माळावर मिरची वाळत पडलेली असते, लाल जमीन पार कडेपर्यंत. येणारा जाणारा त्या लाल रंगाचा फोटो काढतो. आमच्या आबांना रंग नको होता, शिंक हवी होती. मिरची निवडणाऱ्या बायकांपैकी एकीला शिंक येऊ घातली आहे, नाक वर, डोळे मिटलेले, अजून आलेली नाही, तो क्षण! आता अडचण अशी, की जिथे बाईला शिंक येते तिथे कॅमेरेवाल्यालाही येतेच. बाईने नाक वर केलं की आबांचंही वर. बाई "आक्" म्हणायची, आबा "छी" म्हणायचे, आणि फोटोत लाल धुक्याशिवाय काही यायचं नाही. त्या बायका त्यांना पाहिलं की म्हणायच्या, "उनात वं शिंकवाला आबा!" शेवटी आबा नाकात कापसाचे बोळे घालून गेले. ते ध्यान पाहून बायका इतक्या हसल्या की शिंक कोणालाच येईना. तेव्हा त्यांनी ते हसणं टिपलं. मिरचीच्या राशीवर रेललेल्या, फडकी सुटलेल्या, एकमेकींच्या अंगावर पडून हसणाऱ्या बायका. तो फोटो पाहिला की मला अजून नाकात झणझणतं.

आता अशा माणसाच्या घरात मी सून म्हणून आले तेव्हाची माझी ऐट ऐका. मी नंदुरबारची, मॅट्रिक झालेली, आणि माझं नाक सरळ आहे हे मला कोणी तरी सांगितलेलं. लग्न जमवण्यासाठी माझा स्टुडिओत फोटो काढला होता: एक कोपर प्लास्टरच्या खांबावर, एक बोट हनुवटीला, नजर दूर क्षितिजाकडे, म्हणजे जिथे स्टुडिओचा पोऱ्या चहाचे कप विसळत होता तिकडे. त्या फोटोवर मी स्वतःच इतकी भाळले होते की नवरा कसा आहे हे विचारायचं राहून गेलं. सासरी कॅमेरा आहे म्हटल्यावर तर मी हरखलेच. आता रोज फोटो! आल्यावर कळलं, कॅमेरा जेठाचा, आणि जेठापुढे पदर हनुवटीपर्यंत. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते हेच. वर जेठाणीने सांगितलं, की माझा तो स्थळाचा फोटो घरात आला तेव्हा आबांनी उजेडात धरून नीट पाहिला आणि एवढंच म्हणाले, "खांब चांगला उना शे." मी नव्हे, खांब चांगला आलेला! पुढची कित्येक वर्षं मी त्यांच्या भाकरीवर तूप जरा कमीच घातलं.

त्यातली खरी गंमत तर वेगळीच. जगाला न कळता जवळ जाणारा हा माणूस स्वतःच्या घरात मात्र खाकरून यायचा. जेठाने ओसरीवर पाय टाकण्यापूर्वी खाकरायचं, म्हणजे आतल्या सुना पदर घेतात, ही आमची रीत. आबांनी ती कधी मोडली नाही. परिणाम असा, की त्यांच्या ट्रंकेत जेवढे घरातले फोटो आहेत त्या सगळ्यांत बायका पदर ओढताना आहेत. जात्यावर पदर ओढताना, चुलीपाशी पदर ओढताना, बाळाला पाजताना पदर ओढताना. परका कोणी पाहील तर म्हणेल, या घरात बायकांना हाच एक उद्योग. मी तरुणपणी नाना युक्त्या केल्या. खाकरणं ऐकू आलंच नाही असं दाखवायची. वाऱ्यावर दोष टाकून पदर सोडायची, मान कलती करून सरळ नाक बाहेर ठेवायची. आबा कॅमेरा खाली घ्यायचे, अंगणातल्या निंबाकडे तोंड फिरवायचे आणि दुप्पट जोरात खाकरायचे.

वर्षं गेली तशी एक गोष्ट गावाच्या लक्षात आली. माणूस गेलं की हार घालायला फोटो प्रत्येक घरात असतो. शाळेत, ऑफिसात काढलेला, ताठ मानेचा. पण तेरावं झालं की कोणी ना कोणी आबांकडे येतं आणि ओट्यावर घुटमळतं. "आबा, मन्हा बापना एखादा फोटू शे का? जसा व्हता तसा?" आबा ट्रंक उघडतात. बाप निघतो, बांधावर बसून वहाणेतला खडा काढताना. आई निघते, शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन काही तरी भलतं सांगताना. लेक तो फोटो छातीशी धरूनच ओटा उतरतो. कोणाचा गुण गावा असा माझा स्वभाव नाही, पण हे पाहिलं की मला वाटतं, देवाने या माणसाच्या गळ्यात कॅमेरा घातला तो चुकून नाही. आणि मग दुसरं वाटतं. उद्या मी गेले की माझी नातवंडं ही ट्रंक उघडतील. त्यांना काय मिळेल? पदराचं गाठोडं. आणि एक प्लास्टरचा खांब.

एवढ्यात आबांच्या डोळ्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा झिजलाय, चष्म्याने भागणार नाही, दिसतंय तोवर दिसेल. आबा घरी येऊन म्हणाले, "आयुष्यभर पदर दख्यात, आते पडदा." हसले. मला हसू आलं नाही. मी ठरवलं, आता फोटो काढून घ्यायचाच. सांगायचं मात्र जेठाणीमार्फत, आणि जेठाणीला आता ऐकू येत नाही. आबा दोन हातांवर बसलेले, त्यांना माझा शब्दन् शब्द कळतोय; तरी मी ओरडून जेठाणीला सांगते आणि ती आबांना सांगेपर्यंत आबा न ऐकल्यासारखे बसून राहतात, असा आमचा कारभार. मी ओरडले, "बाई, त्यासले सांगा, मन्हा फोटू काढा!"

"काय म्हणी ऱ्हायनी वं?"

"काढा! काढा!"

"धाकलीले काढा पाहिजे," जेठाणीने आबांना जाहीर केलं. "खोकला व्हयना का वं तुले? आधी सांगानं ना!" आणि ती उठून तुळस, आलं, मिरी उकळायला गेलीसुद्धा. तो जहाल काढा मी जेठाणीच्या देखत घोटाघोटाने प्यायले. "तुम्हीबी ल्या," ती आबांना म्हणाली, "जनमभर खाकरी ऱ्हायनात." आबाही प्यायले. पेल्याआड त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात बाजेवर बसले. जरीचं लुगडं, नाकात नथ, तोंडाला थोडी पावडर, हात गुडघ्यावर, नजर पुन्हा क्षितिजाकडे. उतारवयात पाहावं तर पोज तीच, फक्त खांब नव्हता. पदर खांद्यावर. आबा आले, दारात खाकरले. मी हलले नाही. पुन्हा खाकरले. मी नाही.

जेठाणी ओरडली, "धाकली, आबा शेतस! पदर ले ना!"

"त्यासले सांगा, माले ऐकू उनं."

आबा निंबाकडे तोंड करून उभे राहिले. कॅमेरा छातीशी, मुलाने दिलेला, मागे लहान पडदा असलेला. मग निंबालाच म्हणाले, "रिकामा हातना फोटू मी नही काढस."

हे काही जेठाणीला ऐकू गेलं नाही. गेलं ते मलाच. मी मुकाट उठले, नथ काढली, जेठाणीसोबत शेजारच्या बाजेवर वाळत घातलेल्या बिबड्या उलटायला लागले. ज्वारीच्या त्या पापडांना कडेने ओल राहिलेली असते, हलक्या हाताने सोडवाव्या लागतात. जेठाणी म्हणाली, कालचा काढा तू सकाळीच मागितला असतास तर मध घातला असता. मला हसू फुटलं. पुढचे दात नाहीत हेही विसरून हसले. क्षितिज, नाक, सगळं विसरले. बाजूने आबा मांजराच्या पावलांनी आले असणार. मला चाहूल नाही. आणि नेमका बटण दाबायच्या क्षणी, इतक्या वर्षांची सवय, आबा खाकरले! आणि नेमका त्याच क्षणी, इतक्या वर्षांची सवय, माझा हात पदराला गेला!

खट्ट आवाज झाला.

आबांनी कॅमेरा डोळ्याशी नेला, लांब धरला, तिरका धरला. मग तो तसाच जेठाणीपुढे करून विचारलं, "कसा उना?" जेठाणीला प्रश्न ऐकू गेला नव्हता, ती बिबड्या उलटत राहिली. कॅमेरा हवेत तसाच. माझ्या लक्षात आलं, त्यांना तो फोटो दिसत नाहीये. मी उठून पाहिलं. त्यात एक म्हातारी आहे. एका हातात बिबडी, दुसरा हात पदर ओढतोय, पदर डोक्यावर पोचलाय पण तोंडावर नाही, आणि अर्ध्या चेहऱ्यावर एवढं मोठं बोळकं हसू. नाक सरळ आहे की नाही ते कळायला मार्ग नाही.

मी जेठाणीला हाक मारली नाही.

"बेस उना, आबा," मी म्हटलं. "यामा खांब नही शे."

आबा हसले. हसता हसता त्यांना खरोखरीचा खोकला लागला, आणि जेठाणी "तरी म्हणू काढा ल्या!" म्हणत आत धावली.

आता आबांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. कॅमेरा खुंटीला असतो, कधी तरी काढून पुसतात. मी त्यांच्याशी त्यानंतर बोलले का? नाही. एकदा बोलले तेवढं पुरे झालं, रीत ती रीत. संध्याकाळी ते काठी टेकत ओसरीवर येतात, पायरीपाशी थांबतात आणि खाकरतात. मी पदर घेते. त्यांना काही दिसत नाही, पण माझ्या बांगड्या वाजतात. बांगड्या वाजल्या, की ते पाय पुढे टाकतात.