वाजवून घेतलेलं मशीन

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि आठवडाभरात कोंबड्यांचा आवाज बंद झाला. मी धुळ्यात वाढलेली, कोंबडीशी माझा संबंध ताटापुरता. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला बरंच वाटलं, झाडलेलं अंगण झाडलेलं राहणार होतं. मग मी सासूबाईंचा चेहरा पाहिला.

आम्ही त्यांना अक्का म्हणतो. लग्नात त्या शिरपूरच्या पलीकडल्या माहेरातून एक कोंबडी काखेत घेऊन पाचोऱ्याजवळच्या या गावात आल्या होत्या. उघड्या मानेची, मानेवर पिसाचा ठिपका नाही अशी. तिचीच नातवंडं-पतवंडं आजवर आमच्या अंगणात चरत होती. मधल्या काळात अक्कांचे भाऊ गेले, माहेरचं घर पडलं, कोंबड्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्यावर होता त्याच्या निम्मा जीव सुनेवर असता तर मी सोन्यानं मढले असते. आता त्यातली एकही उरली नव्हती. साथ यायच्या आधी घातलेली डझनभर अंडी टोपलीत होती, आणि त्यांच्यावर बसायला अख्ख्या गावात एक खुडूक कोंबडी शिल्लक नव्हती.

"उबवायचं मशीन मिळतं," मी म्हणाले. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी जळगावला गेलो.

दुकानदारानं तीन मशीनं पुढ्यात मांडली. पहिलं थर्माकोलचं, आत बल्ब, झाकण दोनदा उघडलं तर हातात येईल असं. दुसऱ्याच्या पारदर्शक झाकणातून अंडी छान दिसली असती, पण लाइट गेली की ते लगेच गार पडायचं. तिसरं जाड भिंतींचं, जड, अंडी आपोआप फिरवणारं. माझा कशावर पटकन विश्वास बसत नाही. घरून आणलेला तापाचा थर्मामीटर मी त्यात ठेवला आणि मशीनवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. जुळला.

"लाइट गेली तर?" मी विचारलं.

"ताई, दुपारभर नसली तरी आतली ऊब हलणार नाही."

गाडगंसुद्धा वाजवून घ्यावं म्हणतात. अक्कांनी बोटाच्या पेरानं मशीन वाजवलं, कान लावला आणि खूश झाल्या. "जाड शे. थंड पडाव नही."

आम्ही दोघींनी गारठ्याची एवढी चौकशी केली, आणि तीही एप्रिलच्या उन्हात, डोक्याला ओले रुमाल बांधून. उन्हाचं नाव कुणी काढलं नाही. दुकानदारानंही नाही.

मशीन मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. पुढच्या खोलीत कूलर होता आणि अक्कांना अंड्यांना वारं लागू द्यायचं नव्हतं. मशीनवर एक लाल दिवा होता. आतली कॉइल तापत असली की तो लागायचा, ऊब पुरेशी झाली की विझायचा. सुरुवातीला तो सारखा उघडझाप करायचा. अक्का समोर पाट घेऊन बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. मी चेष्टा केली की त्या म्हणायच्या, "मन्या मायन्या कोंबड्या शेतीस त्या." आईच्या कोंबड्या म्हटल्यावर माझी चेष्टा तिथेच संपायची.

मे चढला तसा दिवा कमी लागायला लागला. एके दिवशी जेवणं उरकून मी तिथे गेले तर दिवा विझलेला होता, आणि आकडा तरीही वर सरकत होता. आधी मला कळेना. मग पत्र्याकडे लक्ष गेलं. मशीन काहीच तापवत नव्हतं. तापत होतं आमचं घर, आणि या पेटीला ऊब बाहेर जाऊ देणं माहीतच नव्हतं.

आम्ही पत्र्यावर ओली पोती टाकली. ज्याच्या वाऱ्याला आम्ही भीत होतो, तो कूलर ओढत मशीनपुढे आणला. आकडा खाली आला. पुढचे दिवस आम्ही त्या आकड्याकडे बघत काढले. पिल्लं आता भरत आली होती, तीही आतून ऊब देत होती. एका सकाळी अक्कांनी अंडी एकेक करून कानाशी धरली आणि एक माझ्या कानाला लावलं. "आयक, बोली ऱ्हायनं." आतून बारीक चिवचिव येत होती. मला रडू आलं, कोंबडीच्या अंड्यासाठी, मला. अक्कांनी त्या अंड्यावर कुंकवाचं बोट ओढलं.

त्याच दुपारी गावची डीपी जळाली आणि लाइट गेली. कूलर थांबला, मशीनवरचा आकडाही गेला. दुकानदाराला फोन केला. "झाकण उघडू नका," तो म्हणाला, "आतली ऊब जाईल." मी मशीनच्या हवेच्या भोकातून तापाचा थर्मामीटर आत सोडला. बाहेर काढला तेव्हा पारा शेवटच्या रेघेला टेकला होता. पुढे जागा नव्हती म्हणून तो थांबला होता.

अक्कांनी झाकण काढून बाजूला फेकलं.

परातीत कोमट पाणी घेऊन त्यांनी अंडी एकेक करून त्यात सोडली. आत जीव असेल तर अंडं पाण्यावर हलतं, असं त्या म्हणाल्या. आम्ही दोघी परातीवर वाकलो. माझा श्वासही पाण्याला लागू नये म्हणून मी तोंडाला पदर लावला. बराच वेळ काही झालं नाही. मग कडेचं एक अंडं किंचित थरथरलं, आणि पुन्हा थरथरलं. अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं.

त्याच्यावर कुंकू नव्हतं. कुंकवाचं अंडं मध्ये तरंगत होतं, अगदी स्थिर.

डझनातल्या त्या एका हललेल्या अंड्यातूनच पिल्लू निघालं, उघड्या मानेचं. अक्कांनी ते पदरात वाढवलं. रोज सकाळी त्याला उजेडात धरून त्या डोक्यावर तुरा शोधायच्या आणि तो दिसला नाही की दिवसभर गुणगुणायच्या. कोंबडी निघाली तरच पुढे अंडी होती, म्हणून मीही मनातल्या मनात हात जोडत होते. पाऊसपाणी सुरू झालं आणि एका सकाळी त्या बराच वेळ त्याचं डोकं बोटानं चाचपत राहिल्या. तुरा लालबुंद होऊन वर आला होता.

"कोंबडा शे," त्या म्हणाल्या, आणि त्याला खाली सोडून दाणे आणायला आत गेल्या.