बिनचोचीचा राघू

राग माझ्या नाकावर बसलेला असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी बोल लावायला नको. लग्न होऊन पेडगावला आले तेव्हा हा राग माहेरच्यांनी रुखवतात घालून दिला असणार, असं आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचाही राग काही कमी नव्हता, पण तो म्हणे घरचाच होता.

माझं माहेर पाथरीचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका जहागीरदाराची हवेली होती. तिच्या दारावर कमान, अन् कमानीत लाल, निळ्या, पिवळ्या काचा. दुपार कलली की त्या काचांचा रंग ओट्यावर सांडायचा. आम्ही पोरी त्यात हात धरायचो आणि लाल रंग कुणाच्या वाट्याला यावरून भांडायचो. हवेलीतला नोकर "चलो, भागो यहाँ से" म्हणत अंगावर यायचा, तो आत गेला की आम्ही परत हजर.

पेडगावचं घर धाब्याचं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच धाबं. उन्हाळ्यात लय गारवा, खोटं कशाला बोलू, पण आत अंधार असा की भर दुपारी भाकरी भाजली का करपली ते वासावर ओळखायचं. त्यात लढाईचे दिवस. निजामाच्या राज्यात आम्हाला लढाई दिसली ती एवढीच, की दुकानात राकेल मिळेना. कंदील खुंटीला टांगलेला तसाच राहायचा आणि आम्ही करडईच्या तेलाच्या दिव्यावर भागवायचो. त्या अंधारात मला पाथरीच्या कमानीची फार आठवण यायची. रडू यायचं म्हणा ना.

आमच्या गावात बांगड्या भरायला एक म्हातारी मणेरीण यायची. सगळ्या तिला खाला म्हणायच्या. ओसरीवर बसून ती बायांचे हात दाबायची, बांगडी चढवायची, आणि दरवेळी दोनचार बांगड्या कडाकड जायच्या. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तर त्या वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे खाला फडक्यात गोळा करायची. एकदा मी ते फडकं उन्हात धरलं. काय सांगू! हिरवा म्हणजे एक हिरवा नव्हे. पोपटी, गर्द, पिवळट, मेंदीसारखा. मी म्हटलं, "खाला, हे मला द्या."

"अगे बेटी, टूटे काचां का क्या करती गे?" असं म्हणून ती हसली आणि फडक्यासकट देऊन गेली.

तेव्हाच मनात आलं की यंदा महालक्ष्म्यांपुढं काचांची आरास करायची. भादव्यात आमच्याकडं घरोघर महालक्ष्म्या बसतात आणि आरास कुणाची भारी, यावर बायांत वर्षभर बोलणं चालतं. आत्याबाईंची आरास म्हणजे दोन केळीचे खांब आणि एक जुनी पैठणी. घरात देवाची एक मोठी तसबीर होती, तिच्यातला कागद वाळवीनं पार खाल्लेला. तिची काच मी मागितली. आत्याबाई आधी नाही म्हणाल्या, मग लक्ष्म्यांसाठी म्हटल्यावर हो म्हणाल्या.

आता काम सोपं वाटत असेल, तर करून बघा. बांगडीचा तुकडा असतो वाकडा. तो काचेवर सपाट बसत नाही, डुगडुगतो. म्हणून हरभऱ्याच्या डाळीएवढे बारीक तुकडे करावे लागतात. ते करायला मी आत्याबाईंचा अडकित्ता घेतला. तुकडा फडक्यात धरायचा आणि सुपारीसारखा कातरायचा. बाभळीचा डिंक भिजवून त्यानं एकेक तुकडा चिकटवायचा. मधल्या फटीत उडदाचं पीठ, डिंक आणि काजळी कालवून भरायची, म्हणजे मागं दिवा ठेवला की रंग तेवढे पेटतात आणि रेघा काळ्या राहतात. पावसाळी हवेत डिंक वाळता वाळेना, म्हणून काच चुलीशेजारी उभी करायची. मुंग्या डिंकाला लागल्या, त्यांना हाकलायचं काम निराळंच. आणि अडकित्त्याची धार गेली ती गेलीच. आत्याबाईंची सुपारी त्यात कातरेना, नुसती सटकायची.

"ह्या अडकित्त्यानं माझ्या सासूनं सुपारी खाल्ली, मी खाल्ली, अन् तू काच खाऊ घातलीस त्याला!" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "लक्ष्म्यांच्या नावानं खाल्ली त्यानं."

चित्र काढलं होतं ज्वारीच्या कणसावर बसलेल्या राघूचं, कारण हिरव्या काचेला तोटा नव्हता. खालाचे तुकडे संपले तेव्हा मी घरोघर जाऊन मागू लागले. बायांनी मला येडी म्हणून दिले. पण चोच कशी करायची? लाल बांगडी गावात कुणाच्या हाती नव्हती. आणि अशात देव पावला. आमच्या शेजारच्या मावशीची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या हातात परभणीच्या बाजारातल्या लाल बांगड्या, डाळिंबाच्या दाण्यासारख्या. आडावर पाणी शेंदताना दगडावर आपटून तिची एक बांगडी वाढली. ती गेल्यावर मी तुकडा उचलला, घरी आणून चोच बसवली, आणि आनंदाच्या भरात मावशीलाच हाक मारून दाखवलं, "बघा मावशी, तुमच्या लेकीच्या बांगडीची चोच!"

मावशीच्या तोंडचा रंगच उडाला.

मी पाथरीची, मला काय ठाऊक! इथं म्हणे बांगडीचा तुकडा, केसांचा गुंता अन् नखं, ह्या गोष्टी परक्या हाती लागू देत नाहीत, आपण होऊन दिल्या तर निराळं. त्यातून गरवार बाईचा तुकडा! त्याच्यावर करणी होते, मूठ मारतात. मावशी तिथंच ओरडायला लागली, "माज्या लेकीचे दिवस भरलेत, अन् हिनं तिची बांगडी नेली! काय करायलीस गं? कुणी शिकवलं तुला?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "करणी करायची असती तर तुमाला बोलावून दाखवली असती का?" आता हा प्रश्न रास्तच होता, पण भांडणात रास्त प्रश्नाला कोण विचारतं? संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आत्याबाईंची सून घरोघर हिंडून बांगड्यांचे तुकडे गोळा करायली, अन् कशासाठी ते देवाला ठाऊक. ज्यांनी हसत तुकडे दिले होते त्याच बाया आडावर माझी घागर आली की आपली घागर बाजूला सरकवायला लागल्या.

आत्याबाई मला एका शब्दानंही रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. त्या फक्त म्हणाल्या, "तो लाल तुकडा काढ, अन् देऊन ये." मी विळ्याच्या टोकानं चोच उकरली. मावशीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि परतले. घरी येऊन मात्र मोठ्यानं रडले. आमचे हे म्हणाले, "रडू नगं, बिनचोचीचा राघू निदान बोलणार तरी न्हाई. घरात एक बोलणारी बास झाली." त्यांना तेवढ्यातही चेष्टा सुचत होती.

पण मनात धास्ती होती ती होतीच. बाळंतपण म्हणजे त्या काळी बाईचा दुसरा जन्म. त्या पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर गावानं मला जन्मभर चेटकीण म्हटलं असतं. अन् गाव जाऊ द्या, ती पोर माझ्याच वयाची होती, आडावर माझ्याशी हसून बोलणारी ती एकटीच होती.

महालक्ष्म्या आल्या. उभ्या केल्या, शालू नेसवले, मागं माझी काच आणि काचेमागं दिवे. दुसऱ्या दिवशी पूजा, पुरणपोळ्या, आंबील. आणि त्याच दिवशी सकाळपासून शेजारी मावशीच्या लेकीला कळा सुरू झाल्या. आमची भिंत एकच. मी पुरण वाटत होते आणि पलीकडून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. पाट्यावर माझा हात थांबायचा, आत्याबाई म्हणायच्या, "वाट." परत थांबायचा, परत म्हणायच्या, "वाट, पुरणानं तिचं काय घोडं मारलंय?" दुपार गेली. सुईण आत-बाहेर करायली होती. मी लक्ष्म्यांपुढं जाऊन म्हटलं, आई, माझ्या राघूला चोच नको, डोळा नको, पाहिजे तर अख्खा राघू घे, पण तिला मोकळी कर.

हळदीकुंकवाला एक बाई आली नाही. आत्याबाई कुंकवाचा करंडा पुढ्यात घेऊन ओसरीवर ताठ बसून राहिल्या. त्यांच्या हयातीत त्यांच्या दारात असा शुकशुकाट झाला नव्हता. मला वाटलं आता बोलतील. बोलल्या ते असं, "लक्ष्म्या आल्यात ना? बाया न्हाई आल्या तर न्हाई आल्या. दिवे लाव राघूच्या मागं."

मी दिवे लावत होते आणि भिंतीपलीकडून ट्यांहां झालं. असं खणखणीत, की आत्याबाईंच्या हातातला करंडा कलंडला. मागोमाग सुईणीचा आवाज, "लक्ष्मी आली गं बाई, लक्ष्मी! दोघी बेस हायत!" मी हसत होते का रडत होते, मला सांगता येणार नाही.

मग काय! मावशीच्या अंगणात जमलेल्या साऱ्या बाया तशाच आमच्याकडं वळल्या. लेक-बाळ सुखरूप म्हटल्यावर करणी कशाची? आधी दारात घुटमळल्या. मग एकीनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बया, ह्याला चोचच न्हाई!" झालं, सगळ्या फिदीफिदी हसत आत. कुंकू लावून घ्यायचं सोडून काचेला नाक लावून उभ्या. "ह्यो पंखातला माजा, संक्रांतीला वाढलेला." "अन् शेपटीतला माज्या लग्नाच्या चुड्याचा, ह्याच्यावर सोनेरी ठिपका हाय बघ." एकीला आपला तुकडा सापडेना तर ती रुसली. आत्याबाई मागून ऐटीत सांगत होत्या, "माज्या अडकित्त्यानं कातरलंय हे समदं."

मावशी अर्थातच आली नाही. बाळंतपणाचा विटाळ, लक्ष्म्या बसलेल्या घरात यायचं नाही. तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या बोळवल्या आणि मी आरास उतरवत होते, तेव्हा ती अंगणात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर. माझा राग नाकावर आलाच होता. मी म्हटलं, आता काय राहिलंय?

ती आत्याबाईंकडं बघून बोलली, माझ्याकडं नाही. "पोरीला वारं लागू न्हाई म्हणून खोलीच्या झरोक्यात गोणपाट कोंबलंय. आत पार अंधारगुडूप झालंय. लेकराचं तोंड दिसंना तिला." तिनं राघूकडं बोट केलं. "ती काच झरोक्यात बसंल का? वारं अडंल, अन् उजेड यील."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या जिभेवर एक चांगलं झणझणीत वाक्य आलं होतं, पण मावशीनं पदराची गाठ सोडली. गाठीत तो लाल तुकडा होता.

"नदीत सोडणार होते," ती म्हणाली. "पर पोरीच्या हातातली बांगडी, टाकायला जीव धजला न्हाई. चोच बशीव त्याची. भुंडा दिसायलाय."

तिनं तो उंबऱ्यावर ठेवला. मी आत्याबाईंना विचारलं, विटाळ? त्या म्हणाल्या, "काचेला कसला आलाय विटाळ? डिंक भिजव."

चोच वाळल्यावर आमच्या ह्यांनी काच झरोक्यात बसवली. साधी बाजू बाहेर पावसाकडं, राघू आत. सकाळचं ऊन आलं तशी समोरची भिंत हिरवी झाली, आणि लाल ठिपका घसरत घसरत खाटेवर, लेकराच्या दुपट्यावर आला. मी दारातच उभी होते, बाळंतीण खाटेवरून म्हणाली, "ये की आत." मी आत गेले.

ती काच मग काही घरी आली नाही. तिथून ती पेडगावात जिथं बाळंतीण तिथं जायला लागली. कुणाच्या झरोक्यात राघू बसलाय त्यावरून लोक ओळखायचे. जाता-येता एखादा तुकडा पडायचा, तिथली बाई आपली बांगडी वाढली की तिचा लावायची. राघूच्या अंगात पुढं पुढं निळंजांभळंही शिरलं. कुणाचा तुकडा कुणाच्या घरी गेला, याची करणी म्हणून कुणी चौकशी केली नाही.

माझी वेळ आली तेव्हा काच मावशीनं स्वतः आणली, पदरात गुंडाळून, बाळासारखी. झरोक्यात बसवली, चार पावलं मागं जाऊन बघितली, परत जरा सरळ केली. मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हे बघ, केलीस तूच, पर वापस द्यायची. पुढं अजून दोघी वाट बघायल्यात."