माशावर साय

सांगलीच्या दवाखान्यात सासूबाईंचे उरलेसुरले सगळे दात काढले. हिरड्या भरल्याशिवाय कवळी बसत नाही, म्हणून दीड-दोन महिने तसंच काढायचं होतं. पहिला आठवडा पेज, पातळ वरण आणि दुधात कुस्करलेली भाकरी यावर गेला. मग एक दिवस त्यांनी वाटी सरकवून दिली. "तान्ह्या पोराचं खाऊन दिस काढायचं व्हय मी?" त्यानंतर चहात बुडवलेलं बिस्किट, बास. आणि रोज एकच वाक्य, "मी शिराळ्याला लेकीकडं जाती." म्हणायच्या रोज, जायच्या मात्र नाहीत.

नवरा सैन्यात, घरात आम्ही दोघीच. मी पलूसला हायस्कुलात विज्ञान शिकवते. माहेर खंडाळ्याकडचं. माहेर आणि सासर दोन्ही धरून पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी सांगते, लपवत नाही. म्हणूनच भीती होती. सासूबाई उपाशी पोटी शिराळ्याला गेल्या, तर गल्ली काय म्हणणार ते मला पाठ होतं. एवढी शिकलेली सून, पण म्हातारीला दोन मऊ घास करून घालता आले नाहीत. त्यांनी एकदा पोटभर खाल्लं की हे जाणंबिणं थांबेल, असं मी मनाशी धरून चालले होते.

धाकटे दीर पुण्यात एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत. त्यांनी ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर बर्फ घातलेल्या डब्यातून दोन पाकिटं पाठवली आणि संध्याकाळी फोन केला.

"वहिनी, एकात न्योकी हाय. इटलीकडच्या बटाट्याच्या बारक्या गोळ्या, चावायलाच लागत न्हाई. दुसऱ्यात मासा हाय, धुरावर केल्याला, काटा नसल्याला. न्योकी उकडायची, साय गरम करायची, त्यात मासा तोडून टाकायचा. लिंबू, मिरपूड, वरनं शेपू. धा मिन्टाचं काम. आन पोटाला हलकं."

"मासा शिजवायचा कधी?"

"शिजवायचा न्हाई. तयारच हाय त्यो. ठेवतो वहिनी, गिऱ्हाइकं आली."

परत लावला तर फोन बंद.

पाकीट कापलं. मासा गुलाबी-केशरी, ओला, चकचकीत. कुठूनही बघा, कच्चाच. पाकिटावर इंग्रजीत मात्र स्पष्ट लिहिलेलं, तसाच खाता येईल. मी ते दोनदा वाचलं. सासूबाई पाटावर बसून माझ्याकडे बघत होत्या.

"शिजलाय व्हय त्यो?"

"लिहिलंय तसं."

"म्हंजे डोळ्याला दिसतंय ते खोटं, आन कागदावरचं खरं?"

मी बोटानं दाबून बघितलं. काही कळेना. आम्हाला मासळी दोन तऱ्हेची माहीत. नदीची ताजी, नाहीतर बाजारची सुकी, जी तव्यावर भाजून गरम पाण्यात टाकायची. हा दोन्हीतला नव्हता. शिजलेला म्हणावा तर शिजवला कुणी, आणि कच्चा म्हणावा तर असं सरळ छापलंय.

सासूबाईंनी तुकडा नाकाशी नेला. "अगं, धूर लागलाय ह्याला!"

माझं लग्न झालं तेव्हा या घरात चूलच होती. पहिलं वर्षभर माझं दूध धुरकटायचं, आमटी धुरकटायची. आल्यागेल्यासमोर सासूबाई म्हणायच्या, "कालेजात चूल शिकवत न्हाईत वाटतं." ज्वलनावर मला विचाराल ते सांगता यायचं, पण फुंकणी धरली की घरभर धूर. जेवणाला धुराचा वास म्हणजे सुनेच्या हाताला वळण नाही, एवढा सरळ हिशेब होता. आणि इथं पुण्याहून मुद्दाम धूर दिलेला मासा आला होता. आता जुनं सगळं निघणार म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी मात्र पुन्हा एकदा वास घेतला आणि तुकडा ताटलीत ठेवला. आवडला की किळस आली, तोंडावरून ओळखू येईना.

पाणी उकळलं तशी मी न्योकी टाकली. पांढरी, गुबगुबीत, अंगावर बारीक रेघा.

"आगं बया, ही तर हुमणी!" सासूबाई ओरडल्या. उसाची मुळं खाणारी ती पांढरी अळी आमच्या रानानं पुरेपूर भोगलेली. आता एकदा डोळ्याला तशी दिसली म्हटल्यावर मलाही दुसरं काही दिसेना.

दोन-तीन मिनिटांत सगळी वर तरंगायला लागली. "वर आली म्हणजे झाली," मी म्हटलं.

"मेल्याली मासळी बी वरच येती."

मी एक काढून खाल्ली. मऊ होती. पण मऊ म्हणजे झालेली, का बटाटा मुळातच मऊ, हे मला सांगता आलं नसतं.

शेजारच्या भांड्यात साय गरम झाली होती. मासा तोडून ताटलीत ठेवलेला. आता साय ओतायची, एवढंच राहिलं होतं, आणि माझा हात थांबला.

"का गं थांबलीस?"

"काही नाही."

"माशावर दूध. मला म्हाईत हाय का थांबलीस त्ये."

"आवं आत्या, त्यानं कोड फुटतं हे काही खरं नाही. मी वर्गात सांगते पोरांना."

"मग वत की."

"ओततेय."

पण ओतवेना. वर्गात हे मी दरवर्षी ठासून सांगते. पोरं हसतात, मीही हसते. आणि इथं सांडशीत धरलेलं भांडं तसंच धरून उभी.

"आन ती इकडं," सासूबाई उठल्या. "ह्या वयात कोड फुटून माझं काय लगीन मोडणार हाय?" त्यांनी निम्मी साय स्वतःच्या ताटलीतल्या माशावर ओतली, न्योकी टाकली, लिंबू पिळलं, आणि शेपू तर मूठभर घातला.

पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला. "मिळमिळीत हाय," म्हणाल्या. मग दुसरा. मग, "शेपू बरा लागतोय." ताटली संपल्यावर स्वतःहून पुढं केली, "हाय का अजून?" दात काढल्यापासून हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी माझी न्योकी शेंगदाण्याचं तेल आणि चटणी घालून घेतली. मासा वेगळा, बाजूला.

"मास्तरीणबाई, तुमची साय कुठं गेली?"

"मला साय आवडत नाही."

सायीवर साखर घालून मी केव्हाही खाते, हे त्यांना चांगलं ठाऊक. पण त्यांनी तोंडात घास घेतला आणि तो विषय तिथंच सोडला. मी तसं का केलं, ते अजूनही मला नीट सांगता येत नाही.

हात धुऊन त्यांनी माझा फोन मागितला आणि शिराळ्याला लेकीला लावायला लावला. मला वाटलं, येत नाही म्हणून सांगणार.

"उद्या सकाळच्या गाडीनं येती गं. न्हाई न्हाई, जेवली की. पोटभर. सुनेनं केल्तं."

"आत्या, आता का जाताय? जेवलात की."

"म्हणूनच चालली. उपाशी निघाली आस्ती तर शिराळ्यात गाडीतनं उतरायच्या आधी तुझं नाव खराब झालं आसतं. कवाधरनं वाट बघत हुती, एकदा पोट भरंल म्हणून."

"म्हणजे तुम्हाला जायचंच होतं?"

"लेकीकडं जायाला कुणाला नको वाटतं?"

"मग इथं काय..."

"इथं काय? इथं तर हायच की मी." एवढं बोलून त्यांनी अंथरूण घातलं.

सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडलं. पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली नाही, स्वतःच धरली. खिडकीतून म्हणाल्या, "जा, तुझी शाळा बुडंल." मी त्यांना थांबवायला जेवू घातलं होतं, आणि त्या जेवल्या म्हणूनच निघाल्या होत्या. मी जिंकले की हरले, ते गाडी वळेपर्यंत कळेना.

शाळेत सोबतच्या बाईंनी विचारलं, "सासूबाई गेल्या म्हणे? काही झालं का गं?"

"जेवून गेल्या," मी म्हटलं. खात्रीनं सांगता येण्यासारखं तेवढंच होतं.